तीन हजार प्रतींची मागणी: एका लेखिका-प्रकाशकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कादंबरी लिहिणाऱ्या बाईंचे आहे. त्या स्वतःची पुस्तके स्वतःच छापतात आणि अधूनमधून दुसऱ्यांचीही. लिहिण्याआधी संबंधितांची संमती घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे ढोबळ केलेले आहेत, आणि पैशांचा सगळा हिशेब पुस्तकाची छापील किंमत १०० धरून मांडला आहे. लहान प्रकाशनांचे करार आणि हिशेब पाहणे हे माझे काम. या प्रकरणात मी मधल्या टप्प्यावर आले, त्यामुळे काही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्या आणि काही कागदपत्रांवरून समजून घेतल्या.

या बाईंना पुढे ‘लेखिका’ म्हणते. त्यांच्या प्रकाशनाची तेव्हा सहा पुस्तके होती, चार त्यांची आणि दोन इतरांची. कर्मचारी कोणी नाही. मांडणी आणि मुखपृष्ठ करणारा एक सहकारी पुस्तकागणिक मानधनावर काम करतो. बाकी सगळे, म्हणजे संपादन, मुद्रितशोधन, छपाईवाल्याशी बोलणे, बिले, पार्सले, वाचकांची पत्रे, लेखिका एकट्या पाहतात. पहिली आवृत्ती ३०० प्रतींची, ती संपत आली की पुढची, असा त्यांचा शिरस्ता. सकाळचे तीन-साडेतीन तास स्वतःच्या कादंबरीचे, दुपारनंतरचा वेळ प्रकाशनाचा, ही विभागणी त्यांनी वर्षानुवर्षे पाळली होती.

सहाव्या पुस्तकाचे लेखक साठी ओलांडलेले, आणि ही त्यांची पहिली कादंबरी. त्यांना ‘कादंबरीकार’ म्हणू. दोन मोठ्या प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारल्यावर ते लेखिकेकडे आले होते. लेखिकेने वर्षभर त्यावर त्यांच्यासोबत काम केले, शेवटची ६० पाने नव्याने लिहून घेतली आणि पुस्तक काढले. वर्षभरात ३०० पैकी २२० प्रती गेल्या. लहान प्रकाशनाने काढलेल्या पहिल्या कादंबरीला हा आकडा चांगलाच म्हणायचा.

मग ती कादंबरी एका पुरस्काराच्या अंतिम यादीत आली.

पेच

यादी जाहीर झाल्यानंतर चार दिवसांत एका मोठ्या वितरकाचा निरोप आला: ३००० प्रती हव्यात. अटी अशा. छापील किमतीवर ५५ टक्के सवलत. न विकलेल्या प्रती परत करण्याची पूर्ण मुभा, तिला मुदत नाही. पैसे बिलानंतर १२० दिवसांनी. पुरस्काराचा निकाल अकरा आठवड्यांवर होता आणि प्रती दुकानांत त्याआधी पोचायला हव्या होत्या.

या अटी वितरकाने मुद्दाम कडक केलेल्या नव्हत्या. न विकलेले पुस्तक परत घेण्याची प्रथा अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत रुळली. दुकानदार धास्तावले होते, नवी पुस्तके घेत नव्हते. तेव्हा प्रकाशकांनी ‘नाही खपले तर परत करा’ असे सांगून त्यांना तयार केले. मंदी सरली, प्रथा राहिली, आणि कमीअधिक फरकाने पुस्तकांच्या व्यापारात सर्वत्र दिसते. मोठ्या प्रकाशकाच्या शंभर पुस्तकांपैकी चाळीसांच्या प्रती परत आल्या तरी उरलेली साठ ते ओझे उचलतात. सहा पुस्तकांच्या प्रकाशनात ते ओझे एकाच पुस्तकावर पडते, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या.

खात्यात तेव्हा ३८,००० होते. ३००० प्रतींच्या ऑफसेट (प्लेटा करून एकगठ्ठा) छपाईचा दर प्रतीमागे १४, म्हणजे ४२,०००. निम्मे आगाऊ, निम्मे प्रती ताब्यात घेताना. वितरकाचे पैसे त्यानंतर चार महिन्यांनी.

पहिला निर्णय: खात्यातले पैसे कोणाचे?

मी या कामात आले ती इथे. लेखिकेचा प्रश्न होता, ‘उरलेल्या ४,०००ची सोय कुठून करू?’ मी विचारले, या ३८,०००मध्ये लेखकांची देय रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला त्यांचा वाटा, किती आहे?

सगळे पैसे एकाच खात्यात होते. लहान प्रकाशनांत बहुतेक ठिकाणी असेच असते. त्यात काही लबाडी नसते. पुस्तक विकले, पैसे आले, वर्षअखेरीस हिशेब करून लेखकाला दिले, इतके सरळ. पण मधल्या काळात ते पैसे आपले वाटू लागतात. कागद काढून बसलो तेव्हा दोन्ही लेखकांची देय रॉयल्टी, सहकाऱ्याचे राहिलेले मानधन आणि वर्षअखेरचा कर मिळून १४,००० दुसऱ्यांचे निघाले. लेखिकेचे स्वतःचे, धोका पत्करायला मोकळे असे २४,०००.

त्याच दिवशी त्यांनी दुसरे खाते उघडून १४,००० तिकडे वळवले. सबंध प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा निर्णय. त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. ४२,००० कसे उभे करायचे हा प्रश्न मागे पडला आणि आपल्या खिशातून किती हरणे परवडेल हा पुढे आला.

पर्याय

पूर्ण मागणी स्वीकारणे. हिशेब असा: छापील किंमत १००, वितरकाला ५५ सोडून प्रकाशनाला ४५. त्यातून छपाई १४, कादंबरीकारांची रॉयल्टी १०. पाठवण्याचा खर्च प्रतीमागे २, परत आलेल्या प्रतीची वाहतूक आणि तपासणी ३. सगळ्या ३००० विकल्या तर हातात ५७,००० उरतात, आणि तो आकडा डोळे दिपवणारा होता. पण निम्म्या परत आल्या तर? १५०० विकलेल्या प्रतींचे ६७,५००. त्यातून छपाईचे ४२,०००, रॉयल्टीचे १५,०००, पाठवणीचे ६,००० आणि परतीचे ४,५०० गेले की शिल्लक शून्य. म्हणजे ५० टक्के परत आल्या तर सगळी धावपळ फुकट, आणि ६० टक्के आल्या तर ११,४०० खिशातून. शिवाय घरात पंधराशे-अठराशे प्रती, त्यातल्या कित्येकांचे कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर दुकानाचे चिकटपत्र.

अंतिम यादीतल्या पुस्तकाच्या किती प्रती परत येतील हे कोणी सांगू शकत नाही. वितरकही नाही. त्याने ३००० हा आकडा मागितला कारण दुकानांत पुस्तक दिसायला तेवढ्या लागतात. तेवढे वाचक आहेत असा त्याचा दावा नव्हता.

फक्त मागणीनुसार छपाई. हल्ली एकेक प्रत डिजिटल यंत्रावर छापून घेता येते. प्लेटा नाहीत, साठा नाही, त्यामुळे गोदामही लागत नाही. पण दहा छापा की हजार, प्रतीचा दर जवळपास तोच राहतो. या पुस्तकासाठी तो ३४ होता. वितरकाच्या ४५मधून ३४ छपाई आणि १० रॉयल्टी गेली की १ उरतो, त्यात पार्सलाची दोरीही येत नाही. वाचकाला थेट विकली तर मात्र टपालाचे १२ धरूनही ४४ उरतात. थोडक्यात, ही छपाई थेट विक्रीला उत्तम, दुकानांच्या साखळीला निरुपयोगी.

मोठ्या प्रकाशकाला पेपरबॅकचे हक्क देणे. एका मोठ्या प्रकाशनाच्या संपादकांनी फोनवर चौकशी केली होती. प्रस्ताव लेखी नव्हता. शिवाय कादंबरीकारांशी झालेला करार पाहिला तर लेखिकेकडे फक्त छापील आवृत्तीचे, पाच वर्षांचे हक्क होते, आणि ते तिसऱ्याला देण्याची मुभा करारात नव्हती. लेखकाने जे लिहून दिलेले नाही ते लेखकाकडेच राहते. त्यामुळे हा पर्याय लेखिकेचा एकटीचा नव्हताच. तो मार्ग धरला असता तरी करारमदारात महिने गेले असते, आणि हातात अकरा आठवडे होते.

प्रकाशनपूर्व नोंदणी करून पैसे उभे करणे, मर्यादित बांधीव आवृत्ती काढणे. लेखिकेने हा विचार एका संध्याकाळीच सोडून दिला. वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तक उशिरा पोचले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे त्यांना वाटले. मला त्यांचे हे पटले नव्हते. पुस्तक तयार होते, मजकूर पक्का होता, उशीर होण्याची शक्यता थोडी होती.

मधला मार्ग: १२०० प्रती छापणे. दर १८, खर्च २१,६००, म्हणजे मोकळ्या २४,०००च्या आत. त्यातल्या काही वितरकाला, काही स्वतःजवळ.

कादंबरीकारांशी बोलणे

या टप्प्यावर लेखिकेने कादंबरीकारांना बोलावले. निर्णय घेऊन झाल्यावर कळवायचा की आधी विचारायचे, यावर त्या दोन दिवस घुटमळल्या होत्या. करारानुसार किती प्रती छापायच्या हा प्रकाशकाचा अधिकार. तरीही त्यांनी आधी विचारले, आणि ते बोलणे सोपे झाले नाही.

कादंबरीकारांचे म्हणणे स्पष्ट होते. “यादीत नाव आहे तोवर लोक विचारतील. निकालानंतर मला पुरस्कार मिळाला नाही तर सातव्या दिवशी कोणी विचारणार नाही. मी बारा वर्षे हे पुस्तक लिहिले. तुमची काळजी मला कळते, पण ती माझ्या पुस्तकाच्या वाट्याला का?”

याला चटकन उत्तर नाही. लहान प्रकाशकाचा सावधपणा प्रकाशनाला वाचवतो, पण त्याची किंमत लेखकाच्या एकमेव संधीतून वसूल होऊ शकते. लेखिका स्वतः लेखक असल्याने त्यांना हे बाहेरच्या कोणापेक्षाही जास्त बोचत होते. आपली पहिली कादंबरी अशी यादीत आली असती आणि प्रकाशक १२००वर अडला असता तर आपल्याला काय वाटले असते, हे त्यांना वेगळे सांगायला नको होते.

त्यांनी हिशेबाची वही कादंबरीकारांपुढे ठेवली, खात्यातल्या शिलकेसकट. बहुतेक प्रकाशक हे करत नाहीत. वही पाहून कादंबरीकारांनी दोन प्रस्ताव दिले: उरलेल्या छपाईचे पैसे मी घालतो; किंवा खर्च वसूल होईपर्यंत रॉयल्टी सोडतो.

लेखिकेने दोन्ही नाकारले. लेखकाने छपाईचा पैसा घातला की प्रकाशकाचा धोका संपतो, आणि धोका संपला की पुस्तकाची निवड, संपादन, पाठपुरावा यांतली त्याची गरजही हळूहळू संपते. पैसे घेऊन पुस्तके काढणारे व्यवसाय याच वाटेने तिथवर पोचतात. रॉयल्टी सोडण्याबद्दल त्या म्हणाल्या, “हे चांगल्या मनाने देताय, पण पुढच्या लेखकाकडून मी तेच मागायला लागेन.”

माझ्या मते दोन्ही नकार योग्य होते. मात्र एक तिसरी गोष्ट तेव्हाच करायला हवी होती. कादंबरीकारांनी मोठ्या प्रकाशनाच्या त्या संपादकांशी स्वतः, स्वतःच्या सल्लागारासह बोलावे, असे त्यांना लेखी कळवायला हवे होते. तोंडी सांगितले गेले, पण नाराजीच्या भरात ते ऐकले गेले नाही.

केलेली कृती

१२०० प्रतींचा निर्णय झाला. वितरकाशी पुन्हा बोलणी झाली आणि अपेक्षेपेक्षा जास्त हाती लागले. सवलत ५५ टक्केच राहिली. पण पहिली खेप ८०० प्रतींची ठरली. दुसरी खेप दुकानांतली प्रत्यक्ष विक्री पाहूनच. परतीला नऊ महिन्यांची मुदत, खराब प्रत परत नाही, आणि पैसे १२०ऐवजी ९० दिवसांत. मागितल्याशिवाय यातले काहीच मिळाले नसते. छापील अटींचा कागद समोर आला की लहान प्रकाशक तो अंतिम मानतात. वितरकाला मात्र त्या आठवड्यात हे पुस्तक हवे होते.

वितरकाकडे सगळ्या प्रती न ठेवण्यामागे आणखी एक कारण होते. स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्युशन ही १९६९ साली सुरू झालेली अमेरिकेतली वितरण संस्था मार्च २०२४मध्ये अचानक बंद झाली, तेव्हा शेकडो लहान प्रकाशनांच्या प्रती गोदामात आणि येणी कागदावर अडकली. ती संस्था लहान प्रकाशनांसाठीच जन्मली होती. सबंध साठा एका दाराआड ठेवणे किती जड जाऊ शकते, हे लेखिकेच्या डोक्यात त्या बातमीपासून होते.

उरलेल्या ४०० प्रती स्वतःजवळ. त्यातल्या काही स्वतंत्र दुकानांना ४० टक्के सवलतीत, परत न घेण्याच्या अटीवर. बाकी थेट वाचकांना.

छपाईत एक विघ्न येता येता टळले. पहिल्या आवृत्तीचा कागद बाजारात नव्हता. छपाईवाल्याने तेवढ्याच वजनाचा, पण जास्त दाबलेला कागद सुचवला. पुस्तक २८८ पानांचे, सोळा पानी अठरा फर्मे (छापून दुमडलेले गठ्ठे). वजन तेच असले तरी कागदाची जाडी कमी, त्यामुळे पुस्तकाचा कणा, म्हणजे पाठीची पट्टी, दोनेक मिलिमीटरने बारीक होणार होता. जुनेच मुखपृष्ठ छापले असते तर कण्यावरचे नाव सरकून अर्धे मलपृष्ठावर गेले असते. सहकाऱ्याने नमुन्याच्या कोऱ्या प्रतीची मागणी केली, ती पट्टीने मोजली आणि मुखपृष्ठ रात्रीत नव्याने बेतले. घाईच्या पुनर्मुद्रणात सगळे लक्ष मजकुराकडे असते. कणा कोणी मोजत नाही.

वितरकाचे ८०० प्रतींचे ३६,००० चौथ्या महिन्यात आले. त्यातले १२,००० लेखिकेने लगेच त्या दुसऱ्या खात्यात बाजूला टाकले, परतीसाठी. रॉयल्टीचाही प्रश्न आला. करारात ‘विकलेल्या प्रतींवर’ असे होते; वितरकाने बिल चुकते केलेली पण दुकानात पडून असलेली प्रत विकलेली मानायची का, हे कुठेच लिहिले नव्हते. दोघांनी एक पानी पत्र करून सही केली: सध्या ६०० प्रतींवर रॉयल्टी, २०० राखीव, अंतिम हिशेब परतीची मुदत संपल्यावर.

परिणाम

पुरस्कार मिळाला नाही. मागणी सहा आठवडे तेजीत होती आणि निकालानंतर, कादंबरीकार म्हणाले होते तसेच, झपाट्याने ओसरली.

नऊ महिन्यांअखेर वितरकाकडच्या ८०० पैकी ३१० परत आल्या; विकल्या गेल्या ४९०. लेखिकेजवळच्या ४०० पाच आठवड्यांत संपल्या: २५० थेट वाचकांना, १५० स्वतंत्र दुकानांना. त्यानंतरच्या थेट मागण्यांसाठी ७० प्रती मागणीनुसार छापून घेतल्या.

पैशांचे चित्र पाहण्यासारखे आहे. वितरकामार्फत ४९० प्रतींचे २२,०५० आले. थेट विकलेल्या २५० प्रतींचे, टपाल वजा जाता, २२,०००. निम्म्या प्रतींत जवळजवळ तेवढेच पैसे. दुकानांकडून ९,०००. छपाई, रॉयल्टी आणि जाण्या-येण्याचा खर्च मिळून ३३,०३० वजा केले आणि नंतरच्या ७० प्रतींचे ३,०८० मिळवले, तर प्रकाशनाकडे साधारण २३,००० उरले. परतीसाठी बाजूला ठेवलेले १२,००० वितरकाने परत आलेल्या ३१० प्रतींपोटी केलेल्या १३,९५०च्या वजावटीला जवळपास पुरले. ते ठेवले नसते तर नवव्या महिन्यात खाते कोरडे पडले असते. रॉयल्टी ११० प्रतींची जास्त गेली होती, ती पुढच्या विक्रीत वळती झाली.

३००० छापल्या असत्या तर काय झाले असते? दुकानांत जास्त दिसले असते म्हणून काही जास्त खपल्या असत्या, हे नाकारता येत नाही. पण शून्यावर यायलाच १५०० खपायला हव्या होत्या, आणि ८०० पैकी ३१० परत आल्या हे पाहता तेवढ्या खपल्या असत्या असे मला वाटत नाही. कादंबरीकारांना आजही वाटते. दोघांपैकी कोणाला खोटे ठरवता येईल असा पुरावा नाही.

त्यांची दुसरी कादंबरी त्याच मोठ्या प्रकाशनाकडे गेली. लेखिकेच्या करारात पुढच्या पुस्तकावर पहिला हक्क सांगणारे कलम नव्हते, आणि त्यांनी ते जाणूनबुजून ठेवले नव्हते. त्यांना वाईट वाटले, हे त्यांनी लपवले नाही. दुसरी कादंबरी आल्यावर पहिलीची मागणी थोडी वाढली आणि परत आलेल्या प्रती त्यात हळूहळू जात आहेत.

हिशेबात न आलेला खर्च

वरच्या २३,०००मध्ये एक खर्च धरलेला नाही. थेट आणि मागणीनुसार मिळून ३२० पार्सले गेली. पत्ता तपासणे, बांधणे, टपालात टाकणे, न पोचलेल्याची चौकशी, हे धरून पार्सलामागे सरासरी पाव तास. म्हणजे ८० तास. दुकानांशी पत्रव्यवहार, मुलाखतींच्या वेळा ठरवणे, वितरकाचे तक्ते यांचे तास वेगळे. सुरुवातीला हे दुपारनंतर होत होते. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी व्हायला लागले.

लेखिकेची स्वतःची कादंबरी तेव्हा निम्मी झाली होती. दोन निवेदक, आलटून पालटून. चार महिन्यांनी त्या हस्तलिखिताकडे परतल्या तेव्हा एका निवेदकाचा आवाज त्यांना सापडेना. वाक्ये जुळत होती, पण माणूस बोलत नव्हता. शेवटी ४० पाने काढून टाकून तो धागा पहिल्यापासून लिहावा लागला. कादंबरी ठरल्यापेक्षा आठ महिने उशिरा पूर्ण झाली. याला पैशांची बाजूही आहे: स्वतंत्र लेखकाचे नवे पुस्तक आले की जुन्या पुस्तकांची विक्री हलते. नवे आठ महिने लांबले म्हणजे जुनी चारही तेवढा काळ निजून राहिली.

लेखकाने प्रकाशन चालवताना हा ताण जुनाच आहे. लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९१७ साली घरात एक हातयंत्र आणून होगार्थ प्रेस सुरू केला. स्वतः खिळे जुळवले, स्वतः बांधणी केली. कोणत्याही प्रकाशकाच्या होकाराची वाट न पाहता लिहिण्याचे स्वातंत्र्य त्यातून मिळाले, आणि दुसऱ्यांची हस्तलिखिते वाचण्याचे, पुस्तके पाठवण्याचे कामही मागे लागले. १९३८ साली व्हर्जिनिया वुल्फ यांनी आपला अर्धा वाटा जॉन लेमन यांना विकून त्या कामातून अंग काढले. लेखिकेला तसे करायचे नाही. दुसऱ्याचे चांगले हस्तलिखित हाती आले की त्यांचा चेहरा कसा खुलतो हे मी पाहिले आहे. प्रकाशन हा त्यांच्या लेखनाचा जोडधंदा नाही. दोन्हीवर त्यांचा सारखाच जीव आहे, आणि म्हणूनच दोन्हींपैकी कोणाचा वेळ कोण खातो याकडे वेळीच लक्ष जात नाही.

वेगळे काय करता आले असते

पार्सलांसाठी माणूस पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा होता. थेट विकलेल्या प्रतीवर टपाल, छपाई आणि रॉयल्टी वजा जाता लेखिकेला ६० उरत होते. त्यातले ५ बांधणाऱ्याला दिले असते तरी थेट विक्री इतर कोणत्याही मार्गापेक्षा कितीतरी सरस राहिली असती. लेखिकेने तेव्हा ‘एवढे तर मी करते’ असे म्हटले. आपले श्रम फुकट धरले की सगळेच पर्याय स्वस्त दिसतात. माझ्या दृष्टीने या प्रकरणात सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे हेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

साठ्याची विभागणीही वेगळी हवी होती. जवळच्या ४०० प्रती संपल्या तेव्हा वितरकाच्या गोदामात प्रती पडून होत्या. करारात प्रकाशकाने मुदतीआधी प्रती परत मागवण्याची तरतूद होती. ती कोणी वापरली नाही, कारण ‘परत’ हा शब्द आला की सगळ्यांना तोटाच आठवत होता. त्या ७० प्रती ३४ दराने छापण्याऐवजी आधीच छापलेल्या वापरता आल्या असत्या. निम्म्या वितरकाला, निम्म्या जवळ, अशी सुरुवात केली असती तर ही वेळ आली नसती.

प्रकाशनपूर्व नोंदणीबद्दल मी अजूनही माझ्या मतावर आहे. २०० वाचकांनी जरी आधी पैसे भरले असते तरी छपाईचा जवळपास सगळा खर्च त्यातून निघाला असता, आणि कादंबरीकारांना हव्या होत्या तशा आणखी काही शे प्रती छापण्याचे धाडस करता आले असते. लेखिका म्हणतात, तेव्हाच्या माझ्या अंगात तेवढे बळ नव्हते. हेही खरे कारण आहे. एकट्या माणसाच्या प्रकाशनात थकवा हा व्यवहाराचा भागच असतो.

करारांत आता तीन बदल झाले आहेत. विकलेली प्रत म्हणजे काय याची व्याख्या आली. परतीसाठी किती रॉयल्टी, किती काळ राखून ठेवायची ते आले. आणि हक्क परत जाण्याचे कलम नव्याने लिहिले गेले. पूर्वी ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसल्यास’ हक्क लेखकाकडे परत, असे होते. मागणीनुसार छपाई आल्यापासून कोणतेही पुस्तक कधीच अनुपलब्ध होत नाही. वर्षाला एक प्रत विकून प्रकाशक हक्क अडकवून ठेवू शकतो. नव्या कलमात वर्षाला ठरावीक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली की लेखक पत्र पाठवून हक्क परत घेऊ शकतो.

कादंबरीकारांचा पाच वर्षांचा करार जुना आहे, त्यात हे कलम नाही. त्याची मुदत संपायला अजून अवकाश आहे. लेखिकेने नवे कलम त्यांना आपणहून पाठवले आहे, जुन्या करारालाही लागू करण्याच्या तयारीसह. त्यांनी ते वाचून दोन प्रश्न विचारले आहेत: ठरावीक प्रती म्हणजे किती, आणि मागणीनुसार छापलेल्या त्यात धरायच्या की नाही. पहिल्याचे उत्तर गेले आहे. दुसऱ्यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही.